ऑनलाइन चष्मा मागवताय? नंबर डॉक्टर देतील, मापं मात्र तुम्हालाच द्यायची आहेत

दुकानात चष्मा करायला टाकला की तिथे दोन कामं होतात. एक, तुमच्या नंबरची काच निवडली जाते. दुसरं, ती काच तुमच्या डोळ्यांसमोर नेमकी कुठे बसली पाहिजे याचं माप घेतलं जातं. दुसरं काम अर्ध्या मिनिटात उरकतं, म्हणून ते आपल्या लक्षातही येत नाही. ऑनलाइन ऑर्डर करताना पहिलं काम वेबसाइट करते. दुसरं काम गुपचूप तुमच्यावर येतं.

ऑनलाइन चष्म्याबद्दलच्या बऱ्याच तक्रारी, म्हणजे डोकं दुखतं, जमीन तिरकी वाटते, काच जाड आली, या दुसऱ्या कामातून निघतात. म्हणून या लेखात फ्रेमच्या फॅशनवर वेळ घालवणार नाही. चिठ्ठी कशी वाचायची, मोबाइलवर घेतलेल्या मापावर किती भरवसा ठेवायचा आणि कोणी ऑनलाइनच्या फंदात पडू नये, एवढं पाहू.

आधी चिठ्ठी नीट वाचा

चिठ्ठीवर उजव्या डोळ्यासाठी 'आरई' किंवा 'ओडी' आणि डाव्यासाठी 'एलई' किंवा 'ओएस' लिहिलेलं असतं. उजव्या डोळ्याचा रकाना बहुतेक वेळा कागदाच्या डाव्या बाजूला असतो, कारण तपासणारा तुमच्या समोर बसलेला असतो. घाईत इथेच डावं-उजवं होतं.

- स्फिअर (एसपीएच): मुख्य नंबर. उणे असेल तर लांबचं अंधूक, अधिक असेल तर उलट. हा ०.२५ च्या टप्प्यांनी वाढतो.
- सिलिंडर (सीवायएल): बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसेल तर लागणारा नंबर.
- ॲक्सिस: तो सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा ते. १ ते १८० अंश. सिलिंडर असेल तर ॲक्सिस हवाच.
- ॲड: जवळचं वाचायला लागणारा जास्तीचा नंबर. साधारण चाळिशीनंतर येतो.

६/६ किंवा ६/९ हे आकडे चष्म्याचा नंबर नाहीत. तुम्हाला तक्त्यावरची कोणती ओळ दिसली, याची ती नोंद आहे.

एक गोंधळ नेहमी होतो. चिठ्ठीवर सिलिंडर अधिकमध्ये असतो आणि ॲपचा फॉर्म फक्त उणे घेतो. अशा वेळी नुसतं चिन्ह बदलून चालत नाही. स्फिअरमध्ये सिलिंडर मिळवा, सिलिंडरचं चिन्ह बदला आणि ॲक्सिस ९० अंशांनी फिरवा. म्हणजे -३.००, +१.००, ९० ही चिठ्ठी -२.००, -१.००, १८० अशी लिहिता येते. दोन्हींची काच एकच. हिशोब जमत नसेल तर चिठ्ठीचा फोटो अपलोड करायचा पर्याय निवडा, पण शेवटी ऑर्डरमध्ये काय आकडे पडले ते तपासाच.

आणखी एक. मशीनमध्ये हनुवटी टेकवल्यावर जी छोटी पावती निघते, ती चिठ्ठी नव्हे. मशीनने काढलेला तो अंदाज असतो. त्यानंतर 'आता बरं दिसतं की आधी बरं होतं?' असं विचारत जो नंबर ठरतो, तोच खरा. त्या पावतीवरून ऑर्डर करू नका, पण ती फेकूनही देऊ नका. तिच्यावर बहुतेकदा खाली 'पीडी' छापलेला असतो आणि आपल्याला तोच हवा आहे.

पीडी म्हणजे काय आणि एवढा का महत्त्वाचा?

पीडी म्हणजे प्युपिलरी डिस्टन्स, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं मिलिमीटरमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ मिमी असतं, सरासरी ६३ च्या आसपास. चष्म्याच्या प्रत्येक काचेला एक ऑप्टिकल केंद्र असतं. ते बाहुलीच्या समोर आलं पाहिजे. बाजूला सरकलं की काच थोडीशी प्रिझमसारखी वागते आणि प्रकाश वाकवते. मग दोन्ही डोळ्यांचं चित्र एकच ठेवायला डोळ्यांचे स्नायू दिवसभर जोर लावत बसतात. डोकेदुखी येते ती अशी.

किती सरकलं तर किती त्रास, याचं सूत्र सोपं आहे. सेंटिमीटरमधली चूक गुणिले नंबर. त्याला प्रेंटिसचा नियम म्हणतात. समजा पीडी एकूण ३ मिमीने चुकला:

- दोन्ही डोळ्यांचा नंबर -१.५० असेल तर: ०.३ × १.५ = ०.४५ प्रिझम डायॉप्टर
- दोन्ही डोळ्यांचा नंबर -६.०० असेल तर: ०.३ × ६ = १.८ प्रिझम डायॉप्टर

चूक तेवढीच, पण त्रास चौपट. म्हणून 'माझ्या मित्राने ऑनलाइन घेतला, त्याला काही झालं नाही' यावर जाऊ नका. आधी मित्राचा नंबर विचारा.

मोबाइल पीडी मोजतो कसा?

फोटोत दिसतात ते पिक्सेल, मिलिमीटर नव्हे. बाहुल्यांमध्ये ३०० पिक्सेल आहेत हे ॲपला कळतं, पण ३०० पिक्सेल म्हणजे किती मिमी, हे कळायला फोटोत माहीत असलेल्या मापाची एखादी वस्तू लागते. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग बुबुळाचा. माणसाच्या बुबुळाची आडवी रुंदी जवळपास सगळ्यांमध्ये सारखी असते, ११.७ मिमी, अर्धा मिमी कमी-जास्त. गूगलने २०२० मध्ये आणलेलं मीडियापाइप आयरिस हे तंत्र याच गोष्टीचा वापर करून चेहरा कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते काढतं. कल्पना झकास आहे. पण ११.७ मध्ये ०.५ म्हणजे सुमारे ४ टक्के. ६३ मिमी पीडीवर ही चूक होते साधारण २.७ मिमी. चेहऱ्यावर फ्रेम कशी दिसेल हे दाखवायला एवढं पुरे. -६ च्या काचेला पुरे नाही.

दुसरा मार्ग कार्डाचा. एटीएम कार्ड, पॅन कार्ड यांची रुंदी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ८५.६० मिमी असते. ते चेहऱ्याला लावून फोटो काढला की पट्टी मिळाली. गडबड होते ती कार्ड कुठे धरलं यात. कार्ड डोळ्यांपेक्षा २ सेंमी पुढे असेल आणि फोन ४० सेंमीवर, तर कार्ड ५ टक्के मोठं दिसतं आणि पीडी साधारण ३ मिमीने कमी भरतो. म्हणून कार्ड नाकाच्या शेंड्यावर नाही, कपाळाला टेकवून धरा आणि फोन शक्य तितका लांब ठेवा.

शिवाय जवळच्या कॅमेऱ्याकडे बघताना डोळे आत वळतात आणि पीडी २-३ मिमी कमी येतो. चांगलं ॲप ही दुरुस्ती स्वतः करतं, साधं ॲप करत नाही.

आणि एक कळकळीची सूचना: चालू डेबिट किंवा क्रेडिट कार्ड नंबर दिसेल असं कॅमेऱ्यासमोर धरू नका. पॅन कार्डाचंही तेच. त्याच मापाचं मॉलचं जुनं मेंबरशिप कार्ड चालतं. माप झालं की ॲपची कॅमेरा परवानगी बंद करा.

पट्टीने मोजायची पद्धत

मिलिमीटरची पट्टी आणि घरातलं एक माणूस पुरेसं आहे.

१. मोजणारा तुमच्यासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या पातळीत बसेल.
२. तुम्ही त्याच्याकडे नाही, त्याच्या डोक्यावरून लांबच्या भिंतीकडे किंवा खिडकीबाहेर बघायचं.
३. पट्टी भुवयांच्या खाली, नाकावर टेकवून धरायची. एका बाहुलीच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या बाहुलीच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचं.
४. तीनदा मोजून सरासरी घ्यायची. आकड्यांत २ मिमीपेक्षा जास्त फरक येत असेल तर पुन्हा मोजा.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे डोळे तपासतानाच पीडी चिठ्ठीवर लिहून मागणं. फक्त मापासाठी गल्लीतल्या ऑप्टिशियनकडे जात असाल तर त्याचे पैसे विचारा आणि द्या. ते त्याचं काम आहे.

फ्रेमवरचे तीन आकडे

जुन्या चष्म्याच्या काडीवर आतल्या बाजूला ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं. ५२ मिमी काचेची रुंदी, १८ नाकावरच्या पुलाची रुंदी, १४० काडीची लांबी. जुनी फ्रेम नीट बसत असेल तर नवी याच्याच आसपासची घ्या. ट्राय-ऑन फिल्टर रंग-रूप दाखवतो, फ्रेम कानामागे रुतेल का हे सांगत नाही.

पहिल्या दोन आकड्यांची बेरीज तुमच्या पीडीच्या जितकी जवळ तितकं उत्तम. याचा थेट संबंध काचेच्या जाडीशी आहे. नंबर -६ आणि पीडी ६२ धरून कडेला येणारी जाडी (मधली जाडी सोडून) साधारण अशी निघते:

- ५४-१८ ची मोठी फ्रेम, १.५६ इंडेक्सची साधी काच: सुमारे ५.५ मिमी
- तीच मोठी फ्रेम, १.६७ ची महागडी पातळ काच: सुमारे ४.६ मिमी
- ४८-१८ ची छोटी फ्रेम, १.५६ ची साधी काच: सुमारे ३.६ मिमी

म्हणजे छोट्या फ्रेममधली स्वस्त काच मोठ्या फ्रेममधल्या महाग काचेपेक्षा पातळ. 'थिन लेन्स'चे जादा पैसे भरण्याआधी फ्रेमचा आकार बघा.

काचेचे पर्याय: कशाला पैसे द्यायचे?

नंबर ३ च्या आत असेल तर १.५० किंवा १.५६ ची काच बहुतेकांना पुरते. ४ च्या पुढे १.६० आणि ६ च्या पुढे १.६७ चा विचार करा. पॉलिकार्बोनेट सहजासहजी फुटत नाही, म्हणून लहान मुलं, खेळाडू आणि दुचाकीवाल्यांसाठी चांगलं. मात्र त्यातून कडेला रंगांची बारीक किनार दिसू शकते. अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग घ्याच, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांची काचेवरची चमक त्याने कमी होते.

ब्लू-कटचं काय? कॉक्रेनने ऑगस्ट २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा ताण अशा काचांनी, निदान थोड्या काळात तरी, कमी होतो असं त्यात दिसलं नाही. फुकट मिळत असेल तर असू द्या, वेगळे पैसे मोजू नका. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांवर बघणं हे बिनपैशाचं आहे.

कोणी ऑनलाइन घेऊ नये?

- प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल लागणाऱ्यांनी. म्हणजे बहुधा तुमच्या आई-बाबांनी. यात पीडीबरोबर उंचीचं मापही लागतं आणि ते तीच फ्रेम चेहऱ्यावर चढवून घ्यावं लागतं. त्यांना प्रेमाने सरप्राइज देण्याची ही वस्तू नाही.
- नंबर ५-६ च्या पुढे किंवा सिलिंडर २ च्या पुढे असणाऱ्यांनी.
- दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असणाऱ्यांनी किंवा चिठ्ठीत प्रिझम लिहिलेला असणाऱ्यांनी.
- लहान मुलांसाठी. त्यांचा नंबर आणि चेहरा दोन्ही बदलत असतात.

यांनी ॲपवर फ्रेम पसंत करायला हरकत नाही, पण माप कंपनीच्या दुकानात जाऊन द्यावं. लेन्सकार्टसारख्या ऑनलाइन सुरू झालेल्या कंपनीचीही आता शहराशहरांत दुकानं आहेत, ती उगाच नाहीत.

चष्मा आल्यावर

घालून फिरण्याआधी कोणत्याही ऑप्टिशियनकडे लेन्सोमीटरवर तपासून घ्या. नंबर, ॲक्सिस आणि ऑप्टिकल केंद्रांमधलं अंतर, सगळं मिनिटभरात कळतं. हे अंतर तुमच्या पीडीशी जुळतं का ते पाहा.

नवा नंबर असेल तर दोन-चार दिवस जरा वेगळं वाटणं साहजिक आहे. आठवडा उलटूनही डोकं दुखत असेल, दोन-दोन दिसत असेल किंवा पायरी चुकत असेल, तर 'सवय होईल' म्हणत बसू नका. तोवर त्या चष्म्याने गाडी चालवू नका.

नंबरची काच खास तुमच्यासाठी बनते, म्हणून परतीचे नियम टी-शर्टसारखे नसतात. ऑर्डर करण्याआधी ते वाचा आणि भरलेल्या नंबर-पीडीचा स्क्रीनशॉट ठेवा. चूक कुणाची हे त्यावरूनच ठरतं. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

थोडक्यात, कमी नंबर, एकच नंबरची काच आणि खात्रीचा पीडी असेल तर ऑनलाइन चष्मा बिनधास्त मागवा, पैसे वाचतील. यातलं एक जरी नसेल, तर आधी माप, मग ऑर्डर.