पेलाग्रा व ज्वारीप्रधान आहार

निकोटिनिक अम्ल (नायसिन) या ब गटातील जीवनसत्त्वाच्या न्यूनतेमुळे होणारा रोग. उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेचा दाह, अतिसार व मनोभ्रंश ही त्याची प्रमुख लक्षणे होत. उपचार न झाल्यास तो प्राणघातक ठरतो.

गास्पार कासाल या वैद्याने 1735 मध्ये स्पेनमधील मका खाणाऱ्या गरीब शेतकऱ्यांत हा रोग प्रथम ओळखला. तो सांसर्गिक असावा, हा समज जोसेफ गोल्डबर्गर यांनी अमेरिकेत 1914 पासून केलेल्या संशोधनाने खोटा ठरविला. 1937 मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांतील तत्सम ‘काळी जीभ’ हा रोग निकोटिनिक अम्लाने बरा होतो, असे दाखविले.

या जीवनसत्त्वाचे कार्य कोशिकेतील ऊर्जानिर्मितीशी निगडित आहे. कार्बोहायड्रेटे व प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅमपासून सु. 4, तर वसेच्या प्रत्येक ग्रॅमपासून सु. 9 किलोकॅलरी ऊर्जा मिळते. परंतु कोशिकेला ती थेट वापरता येत नाही. अन्नघटकांचे टप्प्याटप्प्याने ऑक्सिडीभवन होताना सुटणारे इलेक्ट्रॉन निकोटिनिक अम्लापासून बनलेले एनएडी हे सहएंझाइम स्वीकारते व कलकणूंतील श्वसनशृंखलेकडे पोहोचविते. तेथे ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट हे ऊर्जावाहक संयुग तयार होते. ट्रिप्टोफेन या ॲमिनो अम्लापासूनही शरीर एनएडी बनविते; सु. 60 मिग्रॅ. ट्रिप्टोफेन 1 मिग्रॅ. निकोटिनिक अम्लाच्या बरोबरीचे मानतात. दोन्हींचा पुरवठा अपुरा पडल्यास पोटभर अन्न मिळूनही कोशिकांतील चयापचय बिघडतो. त्वचा व आतडे यांतील झपाट्याने बदलणाऱ्या ऊतकांना आणि तंत्रिका तंत्राला त्याची झळ विशेष लागते.

दख्खनच्या पठारावर मक्याऐवजी ज्वारी हे मुख्य अन्न असूनही पेलाग्रा आढळे. ज्वारीत निकोटिनिक अम्ल मक्याच्या मानाने फारसे कमी नसते व ट्रिप्टोफेनही अधिक असते. त्यामुळे हे कोडे ठरले. हैदराबाद येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेतील (1969 पासून राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतील ल्यूसीन या ॲमिनो अम्लाच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. ल्यूसीनमुळे एनएडीच्या निर्मितीत बाधा येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे आयसोल्यूसीन दिल्यास हा परिणाम कमी होतो, असेही या संस्थेत दिसून आले. तथापि अन्यत्र झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी निघाल्याने ल्यूसीनचे नेमके कार्य विवाद्य राहिले.

1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेला मराठवाडा याच ज्वारीच्या पट्ट्यात मोडतो. नांदेड जिल्ह्यातील लोहा परिसरातही ज्वारीची भाकरी हे परंपरागत अन्न आहे. भाकरीसोबत तुरीचे वरण, शेंगदाण्याची चटणी, पालेभाजी व ताक असल्यास पेलाग्राचे भय राहत नाही. शेंगदाण्यात निकोटिनिक अम्ल विपुल असते, तर डाळी व दूध यांतून ट्रिप्टोफेन मिळते. धोका असतो तो भाकरी, मीठ व मिरची यांवरच दिवस काढणाऱ्यास. 1972 च्या दुष्काळासारख्या आपत्तीत शेतमजुराच्या ताटातून प्रथम डाळ व दूध नाहीसे होते. त्यामुळे दोष ज्वारीचा नसून एकाच धान्यावर विसंबण्यास भाग पाडणाऱ्या दारिद्र्याचा आहे.

आहारात विविधता आल्यावर पेलाग्रा भारतात विरळ झाला. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. तिचे पोषणमूल्य सोबतच्या कालवणाने पूर्ण होते, हा या रोगाच्या इतिहासाचा बोध होय.