'दुर्मीळ' म्हणून नोंदलेला आजार : मल्टिपल स्क्लेरोसिसचा इतिहास आणि एक विद्यार्थी-प्रकल्प

प्रस्तावना

पदवीच्या द्वितीय वर्षाच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना लेखनप्रकल्पासाठी विषय निवडण्यास सांगितले असता बहुतेक जण गावातील मंदिर, बाजार किंवा स्वातंत्र्यसैनिक यांकडे वळतात. महामार्गावरील आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या घोडेगावात या विषयांना तोटा नाही. गेल्या शैक्षणिक वर्षात मात्र तेथील एका विद्यार्थिनीने 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हा विषय मागितला. तिच्या चुलतीला हा आजार असल्याचे निदान झाले होते. हा विषय वैद्यकशास्त्राचा आहे, इतिहासाचा नव्हे, असे प्रस्तुत लेखकाने प्रारंभी तिला सांगितले. त्यावर तिने विचारले, "सर, डॉक्टर म्हणतात, हा आजार आपल्याकडे दुर्मीळ आहे. हे कोणी मोजलं, आणि कधी?" प्रश्न निखळ इतिहासाचा होता. विषय मान्य करावा लागला.

आजार आणि त्याचे नाव

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंवरच्या मायेलिन नावाच्या आवरणावर आघात करते. आवरण झिजले की संदेशवहनात अडथळा येतो. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, कमालीचा थकवा ही त्याची नेहमीची लक्षणे होत. विशीपासून चाळिशीपर्यंतच्या वयात आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्णांत लक्षणे येतात, काही आठवड्यांनी ओसरतात आणि पुढे केव्हातरी पुन्हा उद्भवतात. या ये-जा करणाऱ्या स्वरूपामुळेच त्याचा इतिहास लिहिणे अवघड ठरते.

पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झां-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये रुग्णाच्या हयातीतील लक्षणे आणि शवविच्छेदनात दिसणारे कठीण चट्टे यांची सांगड घालून या आजारास स्वतंत्र ओळख दिली. इंग्लंडमध्ये तो दीर्घकाळ 'डिसेमिनेटेड स्क्लेरोसिस' या नावाने ओळखला जाई. भारतातील जुने वैद्यकीय लेखन शोधताना हे नाव ठाऊक नसेल तर हाती काहीच लागत नाही, हा धडा विद्यार्थिनीला पहिल्याच आठवड्यात मिळाला.

नावापूर्वीचीही साधने आहेत. त्यांपैकी सर्वांत मोलाचे साधन एका रुग्णाचे आहे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस डेस्टे याने १८२२ पासूनच्या आपल्या आजाराची रोजनिशी ठेवली. एका नातलगाच्या अंत्यविधीनंतर त्याची दृष्टी अंधुक झाली व पत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. पुढे काही इलाज न करताच डोळे पूर्ववत झाले. नंतरच्या वर्षांत पाय दुबळे होत गेले. १८४८ मध्ये, म्हणजे शार्को यांच्या व्याख्यानांच्या वीस वर्षे आधी, तो वारला. त्याच्या आजाराला आजचे नाव विसाव्या शतकात, रोजनिशी प्रकाशात आल्यावर मिळाले.

मुंबईतील मोजणी

हा आजार थंड प्रदेशांत अधिक व उष्ण कटिबंधात विरळ, अशी धारणा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रूढ झाली होती. भारताबाबतचा पुरावा मुख्यतः मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून आला. मुंबई विभागातील रुग्णांची चिकित्सक तपासणी करणारा डॉ. भीम सेन सिंघल व डॉ. नोशीर वाडिया यांचा शोधनिबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८५ मध्ये डॉ. सिंघल यांनी मुंबईसाठी दर लाखामागे १.३३ असा अंदाज मांडला. १९९० मध्ये डॉ. वाडिया व त्यांच्या सहकाऱ्याने पारशी समाजात हेच प्रमाण लाखामागे विसाहून अधिक असल्याचे दाखविले. एकाच शहरात एवढी तफावत का, याचे उत्तर सामान्यतः अनुवंशात शोधले जाते, आणि त्यात तथ्य असण्याचा संभव मोठा आहे.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबावयास हवे. पारशी समाज संख्येने लहान, शिक्षित, बागांतून एकत्र राहणारा आणि स्वतःच्या नोंदी काटेकोरपणे ठेवणारा. त्याचे रुग्ण शोधता येत होते. उर्वरित समाजाचा अंदाज मात्र जे तज्ज्ञापर्यंत पोहोचले त्यांच्यावर आधारलेला होता. शिवाय आकडे लहान होते. १९८१ च्या जनगणनेत देशभरात ७१,६३० पारशी होते. लाखामागे वीस हा दर त्यांना लावला तरी रुग्ण पंधराच्या आत भरतात, आणि दोन रुग्ण अधिक सापडले की दर जवळजवळ तीनने वाढतो. यात संशोधकांचा दोष काढण्याचा हेतू नाही. हाती होती त्या साधनांनी त्यांनी जे केले ते त्याआधी झाले नव्हते. दोष असलाच तर तो पुढे तोच आकडा साऱ्या देशाचे सत्य म्हणून वापरणाऱ्यांचा आहे.

साधनेही बदलत होती. एमआरआय यंत्रे भारतात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात येऊ लागली, तीही महानगरांत. २००१ मध्ये निदानाचे मॅक्डोनल्ड निकष आले व त्यांत पुढे अनेकदा सुधारणा झाल्या. २००४ मध्ये एका विशिष्ट प्रतिपिंडाच्या शोधामुळे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा साम्य असलेला, पण वेगळा विकार रक्ततपासणीने ओळखता येऊ लागला. त्यामुळे डोळे व मज्जारज्जू बाधित झालेल्या काही जुन्या रुग्णांचे निदान आज वेगळे ठरू शकते. २०१४ मध्ये मंगळूर शहराच्या पाहणीत हे प्रमाण लाखामागे सुमारे आठ आढळले.

विद्यार्थिनीने हे दोन्ही दर आपल्या जिल्ह्याला लावून पाहिले. २०११ च्या जनगणनेनुसार तत्कालीन अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. पहिल्या दराने साठ रुग्ण येतात, दुसऱ्या दराने तीनशे साठाहून अधिक. यांतील कोणताही आकडा जिल्ह्याची वस्तुस्थिती नव्हे, हे तिने स्वतःच खाली लिहिले होते. परंतु मधले तीनशे हे एकतर अस्तित्वात नाहीत किंवा त्यांच्या आजाराला दुसरेच काही नाव दिले गेले आहे.

घरातील कागद

प्रकल्पाचा सर्वांत चांगला भाग ग्रंथालयात नव्हे, घरातल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडला. चुलतीच्या औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे अहवाल, चष्म्याचा नंबर, एमआरआयच्या फिल्म असे सारे त्यात होते. पुष्कळ चिठ्ठ्यांवर तारीख नव्हती किंवा शाई उडाली होती. चुलतीची कालगणना वेगळीच होती : थोरल्या पुतण्याच्या लग्नात डाव्या डोळ्याने अक्षता टाकणारी माणसे धूसर दिसली, कांदा काढणीच्या वेळी पाय जड झाले, सरीत बसून राहावे लागले, एका आषाढीला घरातून मंदिरापर्यंत जाताना दोनदा तोल गेला. लग्नपत्रिकेवरून पहिल्या घटनेची तारीख निश्चित झाली : मे २०१०. एमआरआय अहवाल २०१७ चा होता. मधल्या सात वर्षांत डोळ्यांत थेंब, ताकदीच्या गोळ्या, मणक्याची गादी सरकल्याचे निदान आणि घरच्यांच्या मते 'बाहेरचे' एवढे सर्व होऊन गेले. प्रत्येक वेळी लक्षणे ओसरली, आणि प्रत्येक वेळी त्या त्या इलाजाला श्रेय मिळाले. डेस्टेच्या रोजनिशीतही जलस्नानापासून मालिशपर्यंतच्या उपचारांची अशीच मालिका आहे.

मौखिक साधन कागदाने ताडून पाहण्याची जी पद्धत आपण वर्गात शिकवितो, तीच तिने येथे वापरली. दोन ठिकाणी चुलतीची आठवण आणि कागद जुळले नाहीत; ते तिने झाकले नाही.

कायद्याचा कागदही याच काळातला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, त्यांत या आजाराचे नाव नव्हते. ते २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारांच्या यादीत आले. १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया तोवर तीन दशके कार्यरत होती. चुलतीने प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, परंतु तपासणीच्या दिवशी तिचे चालणे बरे होते. पुन्हा बोलावणे आले आहे.

प्रकल्पाच्या शीर्षकात प्रारंभी 'एक दुर्मीळ आजार' असे शब्द होते. अंतिम प्रतीत तिने ते 'नोंदींनुसार दुर्मीळ' असे केले. प्रत विभागाच्या कपाटात ठेवली आहे. एमआरआयच्या फिल्म मात्र मूल्यमापनानंतर ती परत घेऊन गेली. पुढच्या तपासणीला त्या न्याव्या लागतात.