सशाचा पाय आणि कस्तुरी

‘माइनक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ आपल्या वर्गातील अनेक मुलांच्या परिचयाचा असतो. स्वीडनमध्ये तयार झालेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. त्यात ठरावीक वाट नाही. ठोकळ्यांच्या एका विस्तीर्ण जगात खेळणाऱ्याने हवे तिकडे फिरावे, खणावे, बांधावे आणि प्राण्यांपासून वस्तू गोळा कराव्यात. काही वस्तू सहज मिळतात, काही दुर्मिळ असतात. उदाहरणार्थ, सशाचा पाय. उंच उडीचे औषध बनवायला तो लागतो, पण ससा मारला की पाय मिळण्याची शक्यता असते दहात एक.

यावर मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. दहा ससे मारले तर एक पाय नक्की मिळेल का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी पाय न मिळण्याची शक्यता ०.९ आहे. हा आकडा स्वतःशीच दहा वेळा गुणला की सुमारे ०.३५ येतो. म्हणजे दहा ससे मारूनही शंभरातले पस्तीस जण रिकाम्या हातानेच परततील. ते काय करतात? आणखी ससे मारतात. खेळात याने काही बिघडत नाही. दोन सशांना गाजर खाऊ घातले की पिल्लू तयार!

प्राण्याच्या अंगची दुर्मिळ वस्तू मिळवण्याचा हा उद्योग माणसाने खऱ्या जगातही शतकानुशतके केला आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कस्तुरी.

कस्तुरीमृग हिमालय, तिबेट, चीन ते सायबेरिया या पट्ट्यात राहतो. तो लहानखुरा, लाजाळू आणि एकटा राहणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नसतात. नराचे वरचे सुळे मात्र ओठांबाहेर डोकावतात. कस्तुरी त्याच्या नाभीत असते असा आपला समज आहे. वस्तुतः ती नाभी आणि जननेंद्रिय यांच्यामधील एका ग्रंथीच्या पिशवीत साठते आणि ही पिशवी फक्त नराला असते. इंग्रजीतील ‘मस्क’ हा शब्द फारसीतून युरोपात गेला आणि त्याचे मूळ संस्कृत ‘मुष्क’, म्हणजे अंडकोश, या शब्दात आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

दहाव्या शतकातील अरब इतिहासकार अल-मसूदी याने तिबेटी कस्तुरी चिनी कस्तुरीपेक्षा सरस ठरवली आहे. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये हिंदुस्थानात आला. भूतानकडून येणारी कस्तुरी पाटण्याच्या बाजारात विकली जाई. आपण एका सफरीत तेथे ७,६७३ पिशव्या विकत घेतल्या, असे त्याने प्रवासवर्णनात नमूद केले आहे. वजन वाढवण्यासाठी पिशवीत रक्त आणि शिशाचे तुकडे भरले जात, हेही तो सांगतो. भेसळीची कला किती जुनी आहे पाहा!

आता थोडा हिशेब करू. एका पिशवीतून साधारणपणे २५ ग्रॅम कस्तुरी मिळते. म्हणजे एक किलोसाठी ४० नर हवेत. पण शिकारी बहुधा फासे लावतात आणि फाशाला नर-मादी कळत नाही. माद्या आणि पाडसेही त्यात सापडतात. भरलेली पिशवी असलेल्या एका नरामागे तीन ते पाच हरणे मरतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चार धरली तरी एका किलोला १६० हरणे! सशाच्या पायाचेच हे गणित. फरक इतकाच, की येथे मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पाडस होते आणि गाजर देऊन ते लगेच मिळत नाही.

यातून वाट काढण्याचे दोन प्रयत्न झाले. पहिला रसायनशास्त्राने केला, आणि त्याची सुरुवात योगायोगाने झाली. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा जर्मन रसायनतज्ज्ञ टीएनटीसारख्या स्फोटकांवर काम करत होता. हाती आलेल्या एका पदार्थाला चक्क कस्तुरीसारखा वास होता! अशी स्वस्त ‘नायट्रो’ कस्तुरी पुढे साबणात आणि अत्तरांत सर्रास वापरली गेली. मात्र या वर्गातील काही संयुगे पाण्यात आणि माशांच्या शरीरात साठून राहतात असे नंतर आढळले आणि युरोपीय संघाने त्यांतील काहींवर बंदी घातली.

खऱ्या कस्तुरीचा गंध ज्याच्यामुळे येतो ते ‘मस्कोन’ वाल्बाउम याने १९०६ साली वेगळे केले होते. त्याची रचना १९२६ मध्ये लिओपोल्ड रुझिच्का याने उलगडली. ती पाहून रसायनतज्ज्ञ चकित झाले, कारण तिच्यात कार्बनच्या १५ अणूंचे कडे होते. बायरच्या १८८५ च्या सिद्धान्तानुसार एवढे मोठे कडे ताणामुळे टिकूच नये. बायरने कड्यातील सर्व अणू एकाच प्रतलात असतात असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात मोठे कडे वळते, दुमडते आणि ताण टाळते. हरणाच्या ग्रंथीने एका प्रस्थापित सिद्धान्ताला दुरुस्ती सुचवली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. रुझिच्काला १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

दुसरा प्रयत्न चीनने केला. तेथे १९५८ पासून कस्तुरीमृग पाळून जिवंत नराच्या पिशवीतून लहान चमच्याने कस्तुरी काढली जाऊ लागली. पण एकटे राहणारा हा भित्रा प्राणी कोंडून ठेवणे अवघड असते. अत्तरांचे काम कृत्रिम कस्तुरीने भागले, तरी पारंपरिक औषधांसाठी खऱ्या कस्तुरीची मागणी उरलीच. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. आज तो उत्तराखंडचा राज्यप्राणी आहे. तरीही चोरटी शिकार पूर्णपणे थांबलेली नाही.

गंमत अशी, की ‘माइनक्राफ्ट’मध्येही प्राणी न मारता मिळणाऱ्या वस्तू पुढे आल्या. २०१८ पासून कासवाचे पिल्लू वाढवले की ते मोठे होताना खवला टाकते. २०२४ पासून आर्माडिलोला ब्रशने घासले की त्याचा खवला मिळतो.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. डब्यात दहा चिठ्ठ्या घालून एकीवर खूण करावी. आधी प्रत्येक वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकून खुणेची चिठ्ठी किती खेपांत येते ते मोजावे. हा झाला खेळातील ससा. मग चिठ्ठी परत न टाकता मोजावे. आता दहा खेपांत खुणेची चिठ्ठी हमखास मिळते, पण डबा रिकामा होत जातो. हा झाला हिमालयातला कस्तुरीमृग. चिठ्ठी परत कोणी टाकायची, हा प्रश्न मग मुलांनाच विचारावा. उत्तराची घाई आपण करू नये.