गातानाची मुद्रा

वसई तालुक्यातील चिंचोटीसारख्या गावी रात्री देवळात भजन रंगते, तेव्हा उजेड बेताचाच असतो. बुवांचे डोळे मिटलेले, एक हात अधांतरी उचललेला, ओठ स्वरावर विलग झालेले. ती मुद्रा टिपून ठेवण्यास आज फारसे सायास पडत नाहीत. परंतु ही सोय अलीकडची आहे. गाणाऱ्याचा आवाज साठविण्याची विद्या मनुष्यास आधी साधली. गातानाची त्याची मुद्रा पुष्कळ मागाहून हाती आली, हे ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल.

नवल वाटण्याचे कारण असे की, छायाचित्रण ही दोन्ही कलांतील थोरली बहीण. ती जगापुढे आली १८३९ साली. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. मुंबईत तर १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नामांकित छायाचित्रकार होते. उलट, हिंदुस्थानात तबकड्यांसाठी गाणे मुद्रित होऊ लागले ते १९०२ साली, कलकत्त्यास.

मग थोरली बहीण मागे का पडली? अडचण प्रकाशाची होती. ओल्या कलोडियनच्या काचेवर चित्र उमटण्यास उजेडातही काही सेकंद लागत. मैफलीतील समईच्या प्रकाशात तर आशाच नको. म्हणून गवयाने चित्रशाळेत जावे, तंबोरा घेऊन ताठ बसावे आणि तोंड मिटून भिंगाकडे पाहावे, असा प्रघात पडला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली निवर्तले. त्यांचा स्वर तबकड्यांवर आजही ऐकू येतो. परंतु त्यांच्या पिढीची बहुतेक चित्रे मात्र अशीच ठेवणीतली आहेत. गवई दिसतो, गाणे दिसत नाही.

जर्मनीत १८८७ साली मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट निघाला. पण तो मैफलीस मानवणारा नव्हता. डोळे दिपतात, धूर होतो, लागलेली तंद्री मोडते. शिवाय असा प्रकाश अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. दुप्पट दूर बसलेल्यास चतुर्थांशच पोचतो. आणि जी सावली चेहऱ्यास भाव देते, तीच तो पुसून टाकतो.

खरा मार्ग भिंगाने दाखविला. ड्रेस्डेन येथे १९२४ साली एर्मानॉक्स नावाचा कॅमेरा तयार झाला. त्याच्या भिंगाचा छिद्रांक दोन होता. साडेचार छिद्रांकाच्या भिंगापेक्षा त्यातून पाचपट प्रकाश आत येई. हाच कॅमेरा घेऊन डॉ. एरिख सालोमन यांनी सभा व न्यायालये लखलखाटावाचून टिपली. पुढे १९५४ साली ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यांसाठी कोडॅकची ट्राय-एक्स ही वेगवान फिल्म आली. पुढे ती चारशे वेगाची म्हणून ओळखली गेली. ती सोळाशेची समजून वापरावी आणि रसायनात अधिक वेळ ठेवावी, म्हणजे चौथाई प्रकाशात काम भागे. मात्र चित्रास रवाळपणा येई आणि अंधारातील बारकावे हरपत.

योगायोग असा की, त्याच सुमारास, १९५३ साली, पुण्यास सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव सुरू झाला. पुढे पुण्याचे छायाचित्रकार सतीश पाकणीकर यांनी तेथील थोर गायकवादकांच्या मुद्रा टिपल्या, आणि त्या दिनदर्शिकांच्या रूपाने घरोघरच्या भिंतींवर पोचल्या.

अशा कामात यंत्राइतकेच गाण्याचे ज्ञान लागते. सेकंदाच्या तिसाव्या भागात द्रुत तानेचा हात पुसट होतो. पण गायक षड्जावर स्थिरावला की, त्याचा चेहराही क्षणभर स्थिर होतो. छायाचित्रकाराने कोपर गुडघ्याला टेकवावे, श्वास रोखावा आणि त्या क्षणाची वाट पाहावी. समेवर श्रोत्यांची दाद उसळते. कॅमेऱ्याचा खटका तीत विरून जातो. ज्यास सम कळत नाही, त्यास तो क्षण सापडत नाही.

आज फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक पटलाने घेतली आहे आणि हजारोंचा वेग कोणाच्याही खिशात आहे. तरीही देवळात वा सभागृहात लखलखाट होतोच, आणि मिटलेले डोळे दचकून उघडतात. चित्र मिळते, मुद्रा निसटते. ज्या पिढीची मुद्रा अंधारामुळे हरपली, तिच्यापाशी साधन नव्हते. आजच्या पिढीपाशी ते आहे, आणि उणीव असलीच तर ती केवळ थांबण्याची आहे.