जुना बाजार: रस्त्यावरची अडचण की शहराचं दफ्तर?

मंगळवार पेठेतला बाजार भरतो मात्र बुधवारी आणि रविवारी. हे पुण्यालाच शोभतं. शाहीर अमर शेख चौकाच्या बाजूने, कुंभारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या अंथरल्या जातात आणि त्यावर काय नसतं ते विचारा. पाने, पक्कड, ड्रिल मशीन, जुने बूट, बंद पडलेले मोबाइल, मर्फीचा रेडिओ, पितळी कुलपं, तांब्याचा बंब, अडकित्ते, नाणी. गाडीवरून जाणारा वैतागतो, पायी जाणारा अर्धा दिवस रमतो.

या बाजाराकडे आपण 'स्वस्तात काहीतरी मिळतं' एवढंच बघतो. पण हा माल येतो कुठून, याचा विचार केलात का? जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, दारावर येणारा भंगारवाला, वाडा पाडणारा ठेकेदार, बंद झालेलं वर्कशॉप. शहराने जे जे टाकून दिलं ते इथे येऊन पडतं. म्हणजे पुणं कोणत्या काळात काय सोडत होतं, याची नोंदच म्हणा ना!

12 जुलै 1961, बुधवार. पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले संसार वाहून गेले. अनेक वाडे तेव्हा खचले. उरलेले पुढच्या तीस-चाळीस वर्षांत एकेक करून पडले, त्यांच्या जागी अपार्टमेंट आली. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये घंगाळ कुठे ठेवणार? शिसवी फडताळ जिन्यातून वर जाईना. समई राहिली, ठाणवई गेली. मग टाइपरायटर गेले, डायलचे फोन गेले, कॅसेट गेल्या. आता सीडी प्लेअर पण ताडपत्रीवर दिसायला लागलेत.

अशा टाकलेल्या वस्तूंची किंमत ओळखणारा एक माणूस याच शहरात होऊन गेला. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. त्यांनी राजेरजवाड्यांच्या तलवारींपुरतं न थांबता दिवे, दौती, अडकित्ते, अंग घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी जमवली. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने उभा राहिलेला तो संग्रह, सुमारे 20 हजार वस्तूंचा, त्यांनी 1975 साली राज्य सरकारला देऊन टाकला. आज आपण तिकीट काढून राजा दिनकर केळकर संग्रहालयात जे बघतो, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी घरात 'अडगळ' होतं.

वस्तूंचं एक वेळ ठीक, कागदांचं दुखणं मोठं आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव वणवण करून मोडी दफ्तरं मिळवली. 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला. का? कारण घराघरांत कागद कसरीच्या तोंडी जात होते. आज मोडी वाचणारे मोजके, त्यामुळे आजोबांच्या ट्रंकेतलं रुमाल उलगडून बघायच्या आधीच रद्दीत जातं. वाडा विकताना वकिलाला फी देतो, पण एक दिवस कागद चाळायला देत नाही.

आता घेणाऱ्यांसाठी थोडं. 'रामदरबार' असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं कुणी दाखवलं तर हसून पुढे जा, कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. शिवराई मात्र खरी मिळू शकते. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हातची नसते. आणि 1972 चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवा. 100 वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, किंवा 75 वर्षांहून जुनं ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित म्हणजे पुरावशेष. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. देवळातून उचललेली मूर्ती स्वस्तात घेणं म्हणजे छंद नव्हे, चोरीला हातभार.

राहिला वाहतुकीचा प्रश्न. तो खोटा नाही. रस्ता अरुंद, जवळच कमला नेहरू रुग्णालय, आणि रुग्णवाहिकेला वाट मिळालीच पाहिजे. पण याच चौकात 5 ऑक्टोबर 2018 रोजी होर्डिंगचा सांगाडा कोसळून चार माणसं गेली, तो सांगाडा काही बाजारवाल्यांनी उभारलेला नव्हता. कोंडी म्हटलं की पहिलं बोट ताडपत्रीवाल्याकडेच का जातं?

बाजारावरून भांडणं पुण्याला नवीन नाहीत. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारी मंडई हलवून 1886 मध्ये रे मार्केट झालं. त्या इमारतीवरच्या खर्चाला नगरपालिकेत जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव लागलं.

2014 च्या पथविक्रेता कायद्यात याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेले नैसर्गिक बाजार 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करावेत आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत म्हटलंय. शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. म्हणजे मार्ग आहे. आखलेल्या जागा, रुग्णवाहिकेसाठी मोकळी पट्टी, पार्किंगची सोय, स्वच्छतागृह, आणि बाजाराला वारशाचा दर्जा. यात अशक्य काय आहे?

आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हा एक प्रश्न नक्की विचारा. आणि घरात मोडी कागदांचं गाठोडं असेल तर ते रद्दीत घालण्याआधी भारत इतिहास संशोधक मंडळात कुणाला तरी दाखवा. घंगाळ विकलंत तरी चालेल. ते घासून-पुसून दुसऱ्याच्या घरी जाईल. कागद एकदा रद्दीच्या तराजूत पडला की परत येत नाही.