पंचांग आकाशाशी जुळले पाहिजे का? धर्म, गणित आणि सोलापूरचे दाते पंचांग

सोलापूरच्या नवी पेठेत जानेवारीत गर्दी वाढते ती संक्रांतीमुळे आणि त्याच सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे. यात्रेचे दिवस सूर्याच्या मकर राशीतल्या प्रवेशावर, म्हणजे बहुधा १४ किंवा १५ जानेवारीवर ठरतात. सूर्य प्रत्यक्षात उत्तरेकडे सरकू लागतो मात्र २१-२२ डिसेंबरला. मग पंचांग चुकते का? आणि चुकत असेल, तर ते दुरुस्त करणे धर्माला चालते का? महाराष्ट्रात हा वाद दीडशे वर्षांपूर्वी पेटला.

तेव्हा मराठी मुलखातली पंचांगे प्रामुख्याने गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे १५२० सालचा. साडेतीन शतकांत त्याचे आकडे आणि आकाश यांत अंतर पडले. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास आधुनिक गणितावर पंचांग काढले, तेच पटवर्धनी पंचांग. पुढे शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक या वादात उतरले. मुंबई (१९०४), पुणे (१९१७) आणि सांगली (१९२०) इथे ज्योतिष परिषदाही झाल्या.

विरोध कशाला होता?

विरोध करणारे शास्त्री अडाणी नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे जायला जितका वेळ लागतो ती एक तिथी. चंद्राची गती सारखी नसल्याने तिथी लहानमोठी होते. जुना दंडक ‘बाणवृद्धी रसक्षय’ असा होता: ६० घटिकांची तिथी फार तर ५ घटिकांनी वाढेल, ६ घटिकांनी घटेल. म्हणजे २६ तास ते २१ तास ३६ मिनिटे. प्रत्यक्षात ती सुमारे २० तासांपासून पावणेसत्तावीस तासांपर्यंत जाते. एकादशी कोणत्या दिवशी धरायची, श्राद्ध कधी करायचे, याचे निर्णय जुनी मर्यादा गृहीत धरून लिहिलेले. तीच मोडली तर वडिलांचे श्राद्ध चुकीच्या दिवशी होईल, ही भीती त्यांच्या दृष्टीने खरी होती.

सुधारकांचे उत्तर परंपरेतलेच होते. गणित दृक्प्रत्ययी हवे, डोळ्यांना दिसते त्याच्याशी जुळायला हवे, ही मागणी जुन्या ज्योतिषग्रंथांतच आहे. खुद्द गणेश दैवज्ञांनीही वेध घेऊनच आधीचे आकडे सुधारले होते. सोलापुरात लक्ष्मणशास्त्री तथा नानाशास्त्री दाते यांनी शके १८३८ मध्ये (१९१६-१७) सुरू केलेले दाते पंचांग याच दृक्प्रत्ययी वाटेने गेले. त्यात ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष आधुनिक गणिताने मिनिटापर्यंत दिलेला असतो आणि त्याच मजकुरात वेध कधीपासून पाळावेत हेही असते. पहिली गोष्ट कोणालाही तपासता येते, दुसरी श्रद्धेची. दोन्ही एका पानावर नांदतात, पण एकीच्या अचूकपणाचे श्रेय दुसरीला देता येत नाही.

राशिभविष्यालाही ते मिळत नाही. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये कुंडल्यांची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० दिल्या आणि कोणती कोणाची ते विचारले. २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडवूनही साधारण तेवढेच जमते.

मग संक्रांत आणि उत्तरायण वेगळे का?

इथे गणित चुकलेले नाही, मोजण्याचा आरंभबिंदू वेगळा आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे भरते. साधारण ७२ वर्षांत एक दिवस. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण जवळजवळ एकत्र येत. १८६३ मध्ये संक्रांत १२ जानेवारीला होती. ऋतूंवर आधारलेले सायन पंचांग विसाजी रघुनाथ लेले आणि दीक्षित यांनी मांडून पाहिले, पण ते लोकांत रुजले नाही.

ताऱ्यांवरून मोजायचे ठरले तरी आरंभ कुठून धरायचा? टिळक पंचांग तो रेवतीजवळच्या ताऱ्यापासून धरते, दाते पंचांगासह बहुतेक पंचांगे चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून. फरक सुमारे ४ अंशांचा, म्हणून टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. या दोहोंतले खरे कोणते, हे दुर्बीण सांगू शकत नाही. तो संकेताचा प्रश्न आहे.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. तिचे महिने ऋतूंशी बांधलेले आहेत: १ पौष म्हणजे २२ डिसेंबर, उत्तरायणाचा आरंभ. त्या हिशेबाने १४ जानेवारीला २४ पौष येतो, आणि सोलापुरात गड्डा तेव्हाच भरतो.