उपग्रहाच्या नजरेतून बारामती-इंदापूरचा पाऊस

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याने पुण्यात जो हाहाकार माजवला, तो पुणेकर विसरलेले नाहीत. त्याच पावसाचा दुसरा अंक बारामतीत घडला. शहरात मात्र त्याची फारशी चर्चा झाली नाही. पुरंदरच्या डोंगररांगांत अवघ्या काही तासांत कोसळलेले पाणी कऱ्हा नदीत उतरले, जेजुरीजवळचे नाझरे धरण भरून वाहू लागले आणि एरवी वर्षातील बहुतेक महिने कोरडी पडलेली कऱ्हा बारामती शहरात शिरली. नदीकाठच्या हजारो रहिवाशांना रातोरात घरे सोडावी लागली. अवर्षणग्रस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तालुक्यात हे घडले, हे विशेष.

अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो. डोक्यावर हवामान उपग्रह असताना कोणत्या गावावर किती पाऊस पडणार, हे आधी का कळत नाही? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी उपग्रहाला नेमके काय दिसते, हे समजून घ्यावे लागते.

भारताचे इन्सॅट मालिकेतील हवामान उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहेत. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये, ३डीआर २०१६ मध्ये आणि ३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला. पृथ्वीची पूर्ण चकती टिपायला एका उपग्रहाला सुमारे अर्धा तास लागतो. दोन उपग्रह आलटूनपालटून काम करीत असल्यास दर पंधरा मिनिटांना एक चित्र हाती येते. दिवसा प्रकाशात घेतलेल्या चित्राचा एक ठिपका एक किलोमीटरचा असतो. रात्रीही उपयोगी पडणाऱ्या अवरक्त चित्राचा ठिपका मात्र चार किलोमीटरचा, म्हणजे सोळा चौरस किलोमीटरचा. एवढ्या क्षेत्रात इंदापूर तालुक्यातील शेजारशेजारच्या गावांच्या शिवारांचे भाग एकत्र येऊ शकतात. एका गावात ओढ्याला पूर आणि शेजारच्या गावात धुरळाही न बसलेला, असे वळवाच्या पावसात नेहमी घडते. त्या दोन्ही गावांना उपग्रह एकाच रंगाने रंगवतो.

शिवाय अवरक्त चित्रात दिसते ते ढगाच्या माथ्याचे तापमान. माथा जितका थंड, तितका ढग उंच, आणि उंच ढग म्हणजे मोठा पाऊस, असा हा हिशेब आहे. मे महिन्यातील किंवा परतीच्या पावसातील गडगडाटी ढगांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. त्यांचे माथे चौदा-पंधरा किलोमीटरवर पोचतात आणि उणे सत्तर अंशांपर्यंत थंड होतात. पण त्यातही मेख आहे. अशा ढगाचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा दूरवर पसरतो. चित्रात पांढराशुभ्र डाग बारामतीपासून भिगवणपर्यंत पसरलेला दिसावा आणि प्रत्यक्ष मुसळधार पाऊस त्यातील पाच-सात किलोमीटरच्या पट्ट्यात पडावा, असे होते.

आणखी एक गंमत सहसा कोणी सांगत नाही. उपग्रह विषुववृत्तावर असल्याने तो आपल्याकडे दक्षिणेकडून तिरपा पाहतो. त्यामुळे चौदा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढगमाथा चित्रात पाच-सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. बारामतीची दक्षिण सीमा नीरा नदी, पलीकडे फलटण. इंदापूरच्या दक्षिणेलाही नीराच, पलीकडे माळशिरस. म्हणजे सातारा किंवा सोलापूर जिल्ह्यात कोसळणारा ढग नकाशावर पुणे जिल्ह्यात काढला जाण्याची शक्यता असते. सरकण्याची ही दुरुस्ती गणिताने करता येते. परंतु भ्रमणध्वनीवर पाठविल्या जाणाऱ्या चित्रांत ती केलेली असेलच, असे नाही.

ढग बुटके असले, तर मोठीच पंचाईत होते. जुलैमध्ये सह्याद्रीवर कोसळणाऱ्या मोसमी पावसाचे ढग पुष्कळदा तीन-चार किलोमीटरपलीकडे जातच नाहीत. त्यांत बर्फाचा कणही नसतो आणि त्यांचे माथे तुलनेने उबदार असतात. अवरक्त चित्रात ते मळकट करडे दिसतात. चित्र पाहून वाटावे, किरकोळ रिमझिम असेल. आणि महाबळेश्वरला त्याच दिवशी पर्जन्यमापक भरून वाहत असतो. घाट ओलांडून हेच ढग पूर्वेला उतरले की विरतात. म्हणूनच महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि तेथून सुमारे शंभर किलोमीटरवरील बारामतीला वर्षभरात पाचशेच्या आसपास, असा हा विषम हिशेब आहे.

या उबदार ढगांनीच बारामतीला हवामानशास्त्रात स्थान मिळवून दिले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील अकरा पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानातून ढगांवर मिठाची भुकटी फवारण्याचे प्रयोग केले. मिठाभोवती मोठे थेंब लवकर तयार होतात आणि पावसाची प्रक्रिया वेग घेते, अशी त्यामागील कल्पना होती. पावसात सरासरी २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष निघाला. ढगात पाणी असूनही ते जमिनीपर्यंत येत नाही, ही या टापूची जुनीच व्यथा; प्रयोगाने तिला आकडा दिला.

सह्याद्रीच्या या नाटकाची हुबेहूब थंड आवृत्ती जपानमध्ये पाहायला मिळते. हिवाळ्यात सैबेरियाचा कोरडा, गोठवणारा वारा जपानच्या समुद्रावरून जाताना खालच्या तुलनेने उबदार पाण्यातून बाष्प उचलतो. उपग्रहाच्या चित्रात समुद्रावर ढगांच्या समांतर रेघा उमटतात, जणू कोणी नांगराचे तास ओढले आहेत. या रेघा किनाऱ्याला आणि मागच्या पर्वतांना भिडल्या की पश्चिम किनारपट्टीवर मीटर-मीटर हिमवर्षाव होतो. पर्वतापलीकडचे तोकियो मात्र त्या दिवशी लख्ख उन्हात असते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, कोकणपट्टीच्या जागी निईगाता ठेवले, तर तोकियो हे त्यांचे बारामती ठरते.

हे हिमढगही बुटकेच असतात आणि अवरक्त चित्रात फसवतात. डिसेंबर २०२० मध्ये असाच एक पट्टा काही काळ एकाच जागी स्थिरावला आणि कान-एत्सू द्रुतगती मार्गावर दोन हजारांहून अधिक वाहने बर्फात अडकून पडली. जपानचा हिमावारी उपग्रह दर दहा मिनिटांनी पूर्ण चकती टिपतो, स्वदेशावर तर अडीच मिनिटांनी नजर टाकतो. तरीही पट्टा कोठे थबकणार आणि किती वेळ, हे सांगणे अवघडच ठरते. अमेरिकेत बफेलो शहराने नोव्हेंबर २०१४ मध्ये हेच अनुभवले. सरोवरावरून आलेल्या हिमपट्ट्याने शहराच्या दक्षिण भागात पाच फुटांहून अधिक बर्फ टाकले, उत्तरेला जेमतेम काही इंच.

हिमाचा एक फायदा मात्र आहे: ते पडल्यावर पुरावा मागे ठेवते. आकाश निवळले की दुसऱ्या दिवशीच्या चित्रात जमिनीवरचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. ढग आणि बर्फ दोन्ही पांढरे असल्याने गोंधळ होऊ नये म्हणून १.६ मायक्रॉन तरंगलांबीचे चित्र पाहतात. त्यात पाण्याच्या थेंबांचा ढग उजळ राहतो आणि जमिनीवरचे बर्फ काळवंडते. इन्सॅट-३डीपासून आपल्या उपग्रहांवरही ही सोय आहे आणि हिमालयातील हिमाच्छादन मोजण्यासाठी ती उपयोगी पडते. इंदापूरच्या काळ्या जमिनीत मुरलेला पाऊस अशी खूण ठेवत नाही. पाणी साचून राहिले, तर रडार असलेला युरोपचा सेंटिनेल-१ ढगांआडूनही ते टिपू शकतो. पण त्याच जागेवर तो काही दिवसांनीच परततो, तोवर ओढा ओसरलेला असतो.

मोठ्या प्रणालीचा माग काढण्यात मात्र उपग्रहाला तोड नाही. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकिनाडाजवळ किनारा ओलांडलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणावरून सरकत दुसऱ्या दिवशी सोलापूरकडे आले आणि इंदापूर, बारामतीतील उभी पिके पाण्याखाली गेली. २४ मे २०२५ रोजी रत्नागिरी आणि दापोलीच्या दरम्यान असेच एक क्षेत्र पश्चिमेकडून जमिनीवर आले. मोसमी पाऊस केरळात त्याच दिवशी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला, तोवर बारामती तालुक्यात पिंपळीजवळ नीरा डावा कालवा फुटला होता आणि बारामती-इंदापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धाडाव्या लागल्या होत्या. दोन्ही वेळा ढगांचा चक्राकार पुंजका चित्रांत आधीच दिसत होता. कालव्याचा भराव कोणत्या गावाजवळ खचेल, हे त्यात दिसत नव्हते आणि दिसणारही नाही.

गावपातळीवर शेवटी जमिनीवरचा पर्जन्यमापकच लागतो. महावेध प्रकल्पात राज्यातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, ती याच गरजेपोटी. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी, हा निकष नुकसानभरपाईसाठी शासन मानत आले आहे. एका मंडळात अनेक गावे आणि यंत्र एकच. वळवाचा ढग यंत्रापासून पाच किलोमीटरवर रिता झाला, तर डाळिंबाची बाग वाहून गेलेल्या शेतकऱ्याच्या मंडळात नोंद उमटते ती चाळीस मिलिमीटरची. प्रस्तुत लेखकाच्या मते उपग्रहाचा खरा उपयोग येथेच व्हायला हवा. पंधरा-पंधरा मिनिटांची चित्रे, उंचीमुळे सरकलेल्या ढगाची दुरुस्ती आणि जवळच्या रडारची नोंद एकत्र ठेवली, तर अमुक वेळी ढगाचा गाभा यंत्रावर होता की शेजारच्या शिवारावर, एवढे तरी पंचनाम्याच्या कागदावर लिहिता येईल.